गेसीच्या बागेतलं गाणं

दुकानात शिरले होते कोथिंबिरीसाठी. आम्स्टरडॅमला खेटून असलेल्या आम्स्टलफेनमध्ये आम्हाला राहायला येऊन वर्षही झालं नव्हतं, आणि तिथल्या सुपरमार्केटातली कोथिंबीर म्हणजे प्लास्टिकच्या पाकिटात निजवलेल्या दहा-बारा काड्या. तुर्की दुकानात मात्र जुडी मिळायची. ओली, देठांना माती चिकटलेली, पिशवीत टाकेपर्यंत मनगटावरून पाणी ओघळणारी.

२०१९ चा एप्रिल संपत आला होता. कोथिंबीर घेतली आणि सवयीनं बेदाण्यांसमोर थांबले. माझी आत्या तासगाव तालुक्यात दिलेली. तिच्या सासरी द्राक्षबाग आहे, बेदाण्याचं शेड आहे. त्यामुळं कुठंही बेदाणा दिसला की मी तो दोन बोटांत दाबून बघते, रंग बघते, देठ राहिलाय का बघते. तेच करत होते, आणि छताजवळच्या स्पीकरमधून गाणं सुरू झालं.

आधी बास गिटार. गोल, जाड, सावकाश चालणारी ओळ. मग ड्रम. मग एक तार वाजली आणि मी बेदाणा खाली ठेवला. ती गिटार नव्हती. गिटारपेक्षा बारीक, धातूची, जराशी नाकात बोलणारी. पण तिचा सूर कडेनं फाटल्यासारखा, तापल्यासारखा येत होता. साठ-सत्तरच्या दशकातल्या रॉकच्या रेकॉर्डवर जो धुरकट, गरगरणारा नाद असतो, ज्याला सायकेडेलिक म्हणतात, तोच होता हा. आणि त्या सगळ्या गरगरीच्या मधोमध एक बाई अगदी सरळ गात होती. कुणाला तरी काही सांगत असल्यासारखी. भाषा कळत नव्हती. 'आनाम' असा काहीसा शब्द मात्र परत परत येत होता, आणि ती तो ज्या तऱ्हेनं उच्चारत होती त्यावरून हा शब्द आईचाच असणार, याबद्दल मला शंका राहिली नाही.

गल्ल्यावरच्या मालकांना विचारलं, हे कोण? त्यांनी फोन फिरवून दाखवला. आल्तन ग्युन नावाचा बँड. अल्बमचं नाव 'गेजे', म्हणजे रात्र. "इथलीच मुलं आहेत, आम्स्टरडॅमची," ते म्हणाले. मग जुडी वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळता गुंडाळता म्हणाले, "पण गाणं त्यांचं नाही. माझी आई म्हणायची हे. भांडी घासताना."

त्या रात्री घरी सगळा अल्बम ऐकला. जेवणं झाली, नवरा झोपला, मी स्वयंपाकघरात कानाला हेडफोन लावून बसले. गाण्यांची नावं वाचतानाच मला हसू फुटलं, ओळखीच्या माणसाची गाठ पडल्यावर फुटतं तसं. एकात 'दुन्या' होती, ती आपलीच दुनिया. एक 'लैला' होती. दोन नावांत 'देर्त' होता, म्हणजे फारसीतून आपल्याकडे आलेला दर्दच. आणि दुकानात ऐकलेलं गाणं होतं 'गेसी बाऽलारी'. लिहिताना त्यात 'बाग' आहे. तुर्की लोक त्यातला ग गिळतात आणि आ लांबवतात. बाग म्हणजे त्यांच्याकडे द्राक्षबाग. गेसी हे कायसेरी शहराजवळचं गाव. गेसीच्या द्राक्षबागा.

कायसेरीच्या बाजूला लांब दिलेली एक लेक गेसीच्या बागांमध्ये फिरते आहे आणि आईला साद घालते आहे. मला या डोंगरांच्या पलीकडे नको टाकू, म्हणते. माझ्या दुःखानं दुसरं कुणी पोळू नये, माझ्या आईनंच पोळावं, म्हणते. अर्थ शोधून काढला तेव्हा रात्रीचे बारा वाजून गेले होते. आईनं पोळावं असं म्हणायला किती हक्क लागतो, हे मी बराच वेळ धरून बसले. आपल्या ओवीतली सासुरवाशीण आईपासून दुःख लपवते, माझं बरं चाललंय म्हणून निरोप धाडते. ही लपवत नाही. तू मला इथं दिलंस ना, मग सोस माझ्याबरोबर.

पुढचे काही आठवडे मी या बँडच्या मागं लागले. यास्पर फरहुल्स्ट नावाचा डच बासवादक याको गार्डनर या गायकाच्या बँडबरोबर दौऱ्यावर इस्तंबूलला गेला होता. तिथं त्याला सत्तरच्या दशकातल्या तुर्की रॉकनं झपाटलं. परत आल्यावर त्याच्या डोक्यात एकच. हे आज, इथं, मंचावर वाजलं पाहिजे. पण गाणार कोण? त्यानं फेसबुकवर जाहिरात दिली, तुर्की गायक-वादक हवेत. त्यातून मेर्वे दाशदेमिर ही गायिका भेटली, इस्तंबूलहून आलेली. आणि एर्दिंच एजेवित भेटला, तुर्की कुटुंबातला, पण वाढलेला नेदरलँडमध्ये. तो साझ हे लांब मानेचं तुर्की तंतुवाद्य वाजवतो, की-बोर्ड वाजवतो आणि गातो. हे २०१६ चं. २०१८ ला पहिला अल्बम आला, 'ओन', म्हणजे दहा, कारण गाणी दहा. 'गेजे'ला पुढं ग्रॅमीचं नामांकनही मिळालं.

बँडच्या नावाचा अर्थ सोन्याचा दिवस. ते वाचून मी ते नाव तुर्की ओळखीच्या एका बाईंसमोर मोठ्या कौतुकानं उच्चारलं, तर त्या म्हणाल्या, अगं, 'आल्तन ग्युनु' तर आमच्या बायकांचा असतो. दर महिन्याला एकीकडे जमायचं, चहा, खारं, गोड, गप्पा, आणि जिच्या घरी जमलोय तिला प्रत्येकीनं सोन्याचं छोटं नाणं द्यायचं. पुढच्या महिन्यात दुसरीची पाळी. मी म्हणाले, म्हणजे भिशी! त्यांना तो शब्द फार आवडला. नंतर भेटल्या की त्या मला 'भिशी' म्हणूनच हाक मारत. तेव्हापासून माझ्यासाठी या बँडचं मराठी नाव ठरलेलं आहे.

पण मला खरं गुंतवलं ते यास्परला भेटलेल्या त्या जुन्या रेकॉर्डींनी. १९६५ साली 'हुर्रियेत' या तुर्की वर्तमानपत्रानं एक स्पर्धा सुरू केली, सोनेरी मायक्रोफोन नावाची. देशभर पोरं इलेक्ट्रिक गिटार घेऊन इंग्रजी गाण्यांच्या नकला करत होती. स्पर्धेची अट अशी की वाद्यं पाश्चात्त्य चालतील, पण शब्द तुर्की हवेत. एक तर लोकगीत नव्यानं बांधा, नाहीतर आपल्या मातीतलं नवं गाणं करा. निवडलेल्यांच्या रेकॉर्ड काढायच्या आणि त्यांना घेऊन गावोगाव दौरा करायचा. एवढंच. एका वर्तमानपत्राची एक अट. तीमुळं शहरातली केसाळ पोरं आजीकडं वळली. त्यांना गाणी लागत होती, आणि गाणी आजीकडं होती. १९६७ च्या स्पर्धेत जेम काराजा हा गायक आला तो एकोणिसाव्या शतकातल्या एका लोककवीची रचना घेऊन, आणि दुसरा नंबर घेऊन गेला. मोओलार नावाच्या बँडनं पुढं खेड्यापाड्यांतली वाद्यंच बँडमध्ये आणली. बारिश मान्चो आला, सेल्दा बाऽजान आली. आणि एर्किन कोराय.

एर्किन कोरायबद्दल थोडं थांबून लिहायला हवं. आई पियानोची शिक्षिका, पोरगा रॉकवेडा. तुर्कीत घरोघरी भिंतीवर टांगलेलं असतं ते वाद्य म्हणजे साझ, किंवा बाऽलामा. लांब मान, नासपतीसारखं पोट, तीन जोडांत बसवलेल्या सात तारा. पडदे दोऱ्यानं बांधलेले, सतारीसारखे सरकवता येणारे. त्यामुळं पियानोच्या दोन पट्ट्यांच्या मधे जे सूर अडकून राहतात तेही त्यावर सापडतात. त्या साझला वीज जोडली ती एर्किन कोरायनं, असं तुर्कीत मानतात. १९७४ चा त्याचा अल्बम आहे, नावाचा अर्थच 'इलेक्ट्रॉनिक लोकगीतं'. तो ऐकताना पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की रॉक आणि लोकगीताचं हे कलम इतकं घट्ट का धरलं.

लंडन आणि सॅन फ्रान्सिस्कोची मंडळी १९६५ नंतर ज्या नादाच्या शोधात होती तो नाद मुळात पूर्वेचा. एक सूर खाली धरून ठेवायचा आणि त्याच्यावर तान गिरक्या घेत राहायची. आपल्याकडे तंबोऱ्याशिवाय गाणं बसत नाही, त्यात नवल ते काय? पण त्यांच्यासाठी तो साक्षात्कार होता. बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसननं १९६५ मध्ये सतार हातात घेतली, पुढच्या वर्षी तो मुंबईत रविशंकरांकडं शिकायला बसला, आणि जानेवारी १९६८ मध्ये मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत आपल्या वादकांना घेऊन त्यानं ध्वनिमुद्रण केलं. साझवर मात्र आधारसूर देणाऱ्या तारा पहिल्यापासून होत्याच. एक बोट चाल वाजवतं, बाकीच्या तारा खाली घुमत राहतात. सायकेडेलिक रॉक इस्तंबूलला पोचलं तेव्हा ते पाहुणं म्हणून आलंच नाही. माहेरी आलं.

मग आपल्याकडं काय झालं? हा प्रश्न मला आत्तापर्यंत सोडत नाही. मुंबईतही तेव्हा बँड होते, आणि चांगले होते. सिमला या सिगारेटच्या नावानं 'सिमला बीट' स्पर्धा व्हायची, देशभरातून पोरं यायची. तिच्या १९७० आणि १९७१ च्या रेकॉर्ड आज जगभरचे शौकीन शोधत फिरतात. मी त्या ऐकल्या. फझ, म्हणजे मुद्दाम फाटक्या सुरात वाजणारी गिटार आहे, ऑर्गन आहे, जीव तोडून वाजवलेलं आहे. पण गाणी इंग्रजी. दोन स्पर्धा, साधारण एकाच काळातल्या, दोन्हीकडं तीच वाद्यं, तीच वयं, तोच कैफ. फक्त इस्तंबूलच्या पोरांना कुणीतरी म्हणालं होतं, आपल्या भाषेत गा. दादरच्या, गिरगावच्या पोरांना ते कुणी म्हणालं असतं तर? तुणतुण्याची एक तार ॲम्प्लिफायरला जोडलेली मला ऐकू येते. हलगीचा कडकडाट, खाली बास, आणि गोंधळ्यानं घेतलेली वरची साद. आपलं लोकगीत सिनेमानं उचललं, आणि त्यातून फार मोठी गाणी झाली, ती मी लहानपणापासून डोक्यावर घेतलेली आहेत. पण सिनेमाच्या गाण्यात गोष्टीची गरज आधी असते. चार पोरांनी गॅरेजमध्ये बसून, कुणासाठीच नाही, केवळ स्वतःला आवडतं म्हणून आजीची ओवी मोठ्ठ्या आवाजात वाजवणं, ते राहून गेलं. मला त्याचं दुःख आहे.

तुर्कीतही ते सुख फार टिकलं नाही. १२ सप्टेंबर १९८० ला लष्करानं सत्ता घेतली. जेम काराजा तेव्हा जर्मनीत होता. त्याचं नागरिकत्व काढून घेतलं, १९८७ पर्यंत त्याला मायदेशी परतता आलं नाही. सेल्दाला तुरुंगात टाकलं, तिचा पासपोर्ट काढून घेतला. रेकॉर्डी माळ्यावर गेल्या. पुढं पंचवीसेक वर्षांनी युरोपातल्या छोट्या कंपन्यांनी त्या परत काढायला सुरुवात केली, सेल्दाचा १९७६ चा अल्बम २००६ मध्ये इंग्लंडातून पुन्हा निघाला, आणि अमेरिकेतल्या रॅपवाल्यांनी तिच्या गाण्यांचे तुकडे उचलले.

असंच काहीसं आपल्याही एका माणसाचं झालं, आणि तिथंही मधे एक डच माणूसच आहे. चरणजित सिंग हे मुंबईचे सिनेमाचे वादक. १९८२ मध्ये त्यांनी दहा राग सिंथेसायझरवर आणि ८०८ नावाच्या तालयंत्रावर वाजवून रेकॉर्ड काढली. कुणी ढुंकून पाहिलं नाही. २००२ मध्ये एका डच संग्राहकाला ती दिल्लीच्या दुकानात सापडली, २०१० मध्ये त्यानं ती पुन्हा प्रकाशित केली, आणि सत्तरी ओलांडलेले चरणजित सिंग युरोपातल्या पोरांसमोर ते राग वाजवायला गेले. मला याचा आनंद होतो आणि त्याच वेळी आत काहीतरी टोचतं. आपल्या माळ्यावरची वस्तू दुसऱ्यानं येऊन पुसून द्यावी लागते, हे ते टोचणं. पुसणाऱ्याबद्दल मात्र माझ्या मनात कृतज्ञताच आहे. यास्परबद्दल तर फारच. त्यानं रेकॉर्डींना नुसतं काचेच्या कपाटात ठेवलं नाही. ज्यांची गाणी त्यांनाच बोलावून आणलं आणि स्वतः एक पाऊल मागं, बास घेऊन उभा राहिला.

आणि तो बास! मी संगीत शिकलेली नाही, पण लहानपणी घरात भजनाचा फड बसायचा, त्यामुळं ताल अंगात उतरला की उतरला हे कळतं. यांच्या काही गाण्यांत ताल पकडताना माझा हात सारखा घसरायचा. टाळी द्यायला जावं तर सम निघून गेलेली. एका शनिवारी कणीक मळता मळता ते उलगडलं. मी ओट्यावर बोटांनी मोजत होते. दोन, दोन, दोन, तीन. दोन, दोन, दोन, तीन. नऊ मात्रा, आणि शेवटचं पाऊल किंचित लांब. या जातीच्या तालांना तुर्कीत 'आक्साक' म्हणतात, म्हणजे लंगडता. एका पायावर जरा जास्त रेलून चालणारा. एकदा ते रेलणं कळलं की पुढं सोपं. कणकेचा गोळा दोनदा दाबायचा, दोनदा दाबायचा, दोनदा दाबायचा आणि चौथ्यांदा उलटून तळव्यानं लांबवायचा. त्या दिवशीच्या पोळ्या फार मऊ झाल्या. मुलगा म्हणाला, आई, तू काय नाचतेयस?

त्यांना प्रत्यक्ष ऐकलं ते उन्हाळ्यात, उघड्यावर. गर्दीत निम्मे उंच, सोनेरी केसांचे डच तरुण, निम्मी तुर्की कुटुंबं. माझ्या शेजारी साठीच्या एक बाई होत्या, डोक्याला रुमाल, हातात पाण्याची बाटली. 'जेमालिम' सुरू झालं. हे उर्ग्युप गावचं शोकगीत. नवऱ्याचा खून झाला, जेमाल त्याचं नाव, आणि त्याच्या बायकोनं हा आक्रोश केला, तो गाणं होऊन उरला. एर्किन कोरायनं १९७४ मध्ये ते रॉकमध्ये बांधलं, आणि त्याच वाटेनं ते या मुलांकडं आलं. आता माझ्यापुढं हजारभर माणसं त्यावर डोलत होती. वा-वाच्या पेडलवर गिटार बोबडं बोलत होती, दिवे फिरत होते. मला क्षणभर वाटलं, एका विधवेच्या रडण्यावर आपण हे काय करतोय? शेजारच्या बाईंकडं पाहिलं. त्यांचे डोळे भरले होते आणि खांदे तालात हलत होते. दोन्ही एकदम. मला वाटलेली अडचण त्यांना वाटत नव्हती. आपल्याकडं नाही का, विठ्ठलाला शिव्या देणारा अभंग टाळ कुटत, उड्या मारत म्हणतात?

मग टाळेबंदी आली. बँडमधले सगळे आपापल्या घरी. एकमेकांना गाण्यांचे कच्चे तुकडे पाठवत त्यांनी 'योल' केला, २०२१ च्या फेब्रुवारीत तो आला. योल म्हणजे वाट. घरात बसून केलेला म्हणून असेल, त्यात तेच ८०८ तालयंत्र आहे, ऑम्निकॉर्ड नावाचं एक छोटंसं, खेळण्यासारखं गोड वाजणारं इलेक्ट्रॉनिक वाद्य आहे, आणि सत्तरच्या दशकातून गाडी ऐंशीत आलेली आहे. काही जुन्या चाहत्यांना तो पातळ वाटला. मला 'गेजे'चा दाट रस्सा जास्त आवडतो हे खरं, पण 'योल'मधलं एक गाणं मी त्या हिवाळ्यात रोज ऐकलं. 'कारा तोप्राक'.

कारा म्हणजे काळी, तोप्राक म्हणजे माती. आशिक वेसेलचं हे गाणं. आशिक म्हणजे आपल्याकडं प्रेमवीर, पण तुर्कीत गावोगाव साझ घेऊन गाणाऱ्या शाहिराला आशिक म्हणतात. हा सिवासच्या बाजूचा, १८९४ चा जन्म, लहानपणीच देवी येऊन दृष्टी गेलेला. अनेकांच्या गळ्यात पडलो, म्हणतो, पण माझी एकनिष्ठ सखी एकच, ती काळी माती. कुदळीनं, फावड्यानं तिचं पोट फाडलं तरी ती मला हसून सामोरी आली आणि गुलाब दिला. ज्या भाषेत शेताला काळी आई म्हणतात त्या भाषेत वाढलेल्या बाईला हे समजावून सांगावं लागत नाही. त्या हिवाळ्यात नेहमीची विमानं बंद होती. माझे वडील दवाखान्यात होते, सातारला, आणि मी इथं खिडकीतून गोठलेला कालवा बघत होते. ते वाचले. पण ते तीन आठवडे मी त्या गाण्याच्या आधारानं काढले, आणि या बँडबद्दल मी तटस्थपणे लिहू शकत नाही याचं कारण तेच आहे.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये एर्किन कोराय टोरांटोत वारला. २०२४ मध्ये मेर्वे बँडमधून बाहेर पडली. आता एर्दिंच गातो. त्याचा आवाज खोल आहे, साझशी नातं सांगणारा, पण 'गेसी'तली ती लेक मला मेर्वेच्याच आवाजात ऐकू येते, आणि तिचं जाणं मला कुणी घरातलं लांब जावं तसं लागलं.

त्याच वर्षी मी आत्याला फोन केला. खरं तर खूप आधी करायला हवा होता. आजी दळायला बसायची तेव्हा आत्या लहान होती, तिनं त्या ओव्या ऐकलेल्या. मी मात्र एकही ओवी पूर्ण म्हणू शकत नव्हते. नेदरलँडमध्ये वाढलेल्या मुलाला त्याच्या आजीच्या मुलखातलं गाणं येतं, आणि साताऱ्यात वाढलेल्या मला येत नाही, हे मला फार खुपत होतं. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी गावोगाव हिंडून बायकांकडून एक लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या. १९३६ मध्ये बेला बार्टोक हा संगीतकार हंगेरीहून येऊन तुर्कीतल्या अनातोलियात मेणाच्या नळकांड्यांवर गाणी टिपत फिरला होता, त्याच जातीचं, किंबहुना त्याहून कितीतरी मोठं हे काम. त्यातल्या ओव्या ग्रामीण भारताचा संग्रह असलेल्या 'पारी'च्या संकेतस्थळावर बायकांच्या आवाजात ऐकता येतात. मी ऐकल्या, रात्र-रात्र ऐकल्या. पण मला आमच्या जात्यावरची हवी होती.

मार्च महिना होता. आत्या शेडवर होती, मागं बायकांची गडबड, क्रेट आपटल्याचे आवाज. "बोल गं बाय. तिकडं थंडी हाय का अजून?"

मी आधी बेदाण्याचं बोलले, तिला तेच आवडतं. तिच्या बागेतला थॉमसन आणि तुर्कांचा सुलताना हा एकच वेल, असं तिला सांगितलं. "आमच्याच बेदाण्याचा भाऊ म्हण की," ती म्हणाली, आणि तिकडं भाव काय मिळतो ते विचारलं. मग मी म्हणाले, आत्या, एक गाणं ऐक. फोन स्पीकरजवळ धरला. 'गेसी बाऽलारी' पूर्ण वाजलं. पलीकडची गडबड हळूहळू कमी होत गेली. तिनंच बायकांना गप्प केलं असणार.

"काय म्हनती ती?"

सांगितलं. लांब दिलेली लेक आहे. द्राक्षाच्या बागेत फिरते आहे. आईला म्हणते, डोंगरापल्याड नको टाकू मला. माझ्या दुःखात तूच जळ.

आत्या काही बोलली नाही. मला वाटलं फोन तुटला. मग ती म्हणाली, "बागंत फिरती म्हंजे तोडणीला गेली आसंल. एकटी बाई रिकामी न्हाई फिरत बागंत." आणि जरा थांबून, "मुराळी आला का मग?"

"कोण?"

"मुराळी गं. भाऊ. न्यायाला कोन आलं का न्हाई तिला?"

मी म्हणाले, गाण्यात तसं काही नाही आत्या. कोणी येत नाही.

"आसं कसं," ती म्हणाली. फोन कुठंतरी ठेवल्याचा आवाज आला, बहुतेक क्रेटवर. खाकरली. मग तिनं आजीची ओवी धरली, माणच्या वाटेवरच्या बाभळीखाली बैल सोडून बसलेल्या मुराळ्याची, आणि दुसऱ्या ओळीला शेडवरच्या दोघीतिघी तिच्यामागं म्हणू लागल्या.